एमआयपी कार्ट्रिजच्या ब्लँकमध्ये पुन्हा पुन्हा येणारा ॲट्राझिनचा पीक: कारण कुठे शोधायचं आणि उपाय काय

एमआयपी म्हणजे पाण्यातलं एखादं ठराविक रसायन, इथे ॲट्राझिन हे तणनाशक, पकडण्यासाठी केलेलं पॉलिमर; ते लहान नळीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, भरून त्यातून पाण्याचा नमुना सोडतात. तक्रार अशी असते. पॉलिमर धुतलं, ब्लँक (ज्यात ते रसायन नाही असा कोरा नमुना) घेतला, क्रोमॅटोग्राम (घटक वेगळे करून दाखवणारा आलेख) स्वच्छ. महिन्याभराने तेच पॉलिमर कार्ट्रिजमध्ये भरलं आणि नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या नमुन्यातही ॲट्राझिनचा पीक, म्हणजे आलेखातलं टोक, आला. पुन्हा धुतलं, गेला. पुन्हा महिन्याने आला. गेल्या दोन वर्षांत नागपुरातल्या आणि अमरावतीकडच्या तीन-चार संशोधक विद्यार्थ्यांनी मला हेच विचारलं, आणि आमच्या अमरावती रोडवरच्या छोट्या प्रयोगशाळेतही हेच घडलं होतं. म्हणून आम्ही काय तपासलं आणि कशाने सुटलं, ते सविस्तर लिहिते आहे.

आधी आमची गोष्ट सांगते, कारण ही चूक प्रयोगशाळेपुरती राहत नाही. छिंदवाड्याच्या पठारावर मका मोठ्या प्रमाणावर होतो आणि मक्यातलं तण मारायला ॲट्राझिन वापरतात. कन्हान आणि पेंच या दोन्ही नद्या तिकडूनच खाली येतात आणि नागपूर त्यांचंच पाणी पितं. म्हणून पावसाळ्यानंतर सावनेरच्या पुढच्या काही विहिरींचं पाणी तपासायचं आम्ही ठरवलं. ऑक्टोबरात एका विहिरीच्या पाण्यात लिटरला साधारण 3 मायक्रोग्रॅम ॲट्राझिन दिसलं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोची मर्यादा, आयएस 10500:2012 प्रमाणे, लिटरला 2 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेच्या वर. विहिरीचे मालक वयस्कर गृहस्थ, दर दोन दिवसांनी फोन करायचे. "मॅडम, पाणी प्याचं का नाही, तेवढं सांगून द्या जी." मी त्यांना उत्तर देण्याच्या बेतात होते. त्याच दुपारी माझ्या विद्यार्थिनीने, केवळ कार्ट्रिज उरली होती म्हणून, डिस्टिल्ड पाण्याचा ब्लँक चालवला. त्यातही तेवढाच पीक. आमच्या पॉलिमरमधलंच ॲट्राझिन बाहेर येत होतं आणि आम्ही ते विहिरीच्या नावावर मांडत होतो.

याला टेम्प्लेट ब्लीडिंग म्हणतात. विषयात नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात: मोलेक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर, म्हणजे एमआयपी, करताना जो रेणू पकडायचा त्यालाच साच्याचा नमुना म्हणून घेतात. मेथॅक्रिलिक ॲसिडसारखा मोनोमर हायड्रोजन बंधांनी त्या रेणूभोवती गोळा होतो, ईजीडीएमए हा क्रॉसलिंकर त्याला घट्ट बांधतो, एआयबीएन अभिक्रिया सुरू करतं. मग टेम्प्लेट धुऊन काढलं की त्याच्या आकाराची, त्याच्या रासायनिक स्वभावाला साजेशी पोकळी मागे राहते. नागपूरच्या चितार ओळीत मूर्तिकार मूळ मूर्तीवरून साचा उतरवतात, तसंच. साच्याच्या खोल कोपऱ्यात मूळ मूर्तीची माती अडकून राहिली, तर ती पुढच्या मूर्तीला लागते. फरक एवढाच की आपल्या साच्याचे कोपरे डोळ्यांना दिसत नाहीत.

या पद्धतीचा पाया जुना आहे. 1972 मध्ये जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी सहसंयुज बंधांनी असे ठसे घेतले, पुढे स्वीडनच्या लुंडमध्ये क्लाउस मोसबाख यांच्या गटाने हायड्रोजन बंधांवर चालणारी सोपी पद्धत आणली. नमुन्यातून रसायन वेगळं काढायला, म्हणजे सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शनला, ही पॉलिमर 1994 पासून वापरात आहेत. ब्लीडिंगची अडचणही तेवढीच जुनी आहे, तेव्हा तुमच्या हातून काही विशेष बिघडलं असं मानून खचू नका.

आकडेमोड आधी करा

मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हा हिशेब कागदावर करायला लावते. नेहमीचं प्रमाण 1:4:20 धरा. 1 मिलिमोल ॲट्राझिन म्हणजे 216 मिलिग्रॅम, 4 मिलिमोल मेथॅक्रिलिक ॲसिड म्हणजे 344 मिलिग्रॅम, 20 मिलिमोल ईजीडीएमए म्हणजे जवळपास 3.96 ग्रॅम. पॉलिमर साधारण 4.3 ग्रॅम. म्हणजे दर ग्रॅम पॉलिमरमागे सुमारे 50 मिलिग्रॅम टेम्प्लेट.

आता धुण्यात 99 टक्के निघालं असं समजा. ऐकायला छान वाटतं. पण उरलेला 1 टक्का म्हणजे ग्रॅममागे अर्धा मिलिग्रॅम, आणि 100 मिलिग्रॅमच्या कार्ट्रिजमध्ये 50 मायक्रोग्रॅम. तुमच्या नमुन्यात काय आहे? 100 मिलिलिटर पाणी, मर्यादेइतकं ॲट्राझिन, म्हणजे 0.2 मायक्रोग्रॅम. कार्ट्रिजमध्ये अडकलेला माल नमुन्यातल्या मालाच्या अडीचशे पट! त्यातला फक्त अर्धा टक्का एका इल्यूशनमध्ये, म्हणजे पकडलेला माल द्रावकाने सोडवून घेताना, सुटला तरी 0.25 मायक्रोग्रॅम होतो, म्हणजे खऱ्या नमुन्यापेक्षा जास्त. 99.9 टक्के धुतलं तरी पंचवीस पट उरतंच. हा हिशेब डोक्यात बसला की "आम्ही चोवीस तास सॉक्सलेट लावला होता" या वाक्याने धीर येत नाही. (सॉक्सलेट म्हणजे फ्लास्कमधल्या द्रावकाची वाफ थंड करून ते पुन्हा पुन्हा पॉलिमरवर सोडणारं धुण्याचं काचेचं उपकरण.)

पीक खरंच ब्लीडिंगचा आहे का

धुण्याच्या मागे लागण्याआधी अर्धा दिवस यासाठी द्या. बिनटेम्प्लेटचं पॉलिमर, म्हणजे एनआयपी, तुमच्याकडे असेलच. नसेल तर आधी ते करा, त्याच्याशिवाय एमआयपीच्या कामाला अर्थ नाही. एनआयपी आणि एमआयपीच्या कार्ट्रिज शेजारी शेजारी लावून दोन्हीतून तेच डिस्टिल्ड पाणी, तेच इल्यूशनचं द्रावण घालवा. पीक फक्त एमआयपीत आला तर ब्लीडिंग. दोन्हीत आला तर दोष दुसरीकडे आहे: काचेची भांडी, बाष्पीभवनाची सुई, एचपीएलसीच्या, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, इंजेक्टरमध्ये मागच्या स्टँडर्डचा उरलेला अंश. इंजेक्टरचा संशय असेल तर नुसतं मिथेनॉल दोनदा इंजेक्ट करा. दुसऱ्या वेळी पीक लहान झाला तर तो मागचाच अंश आहे.

डायोड ॲरे डिटेक्टर (एकाच वेळी अनेक तरंगलांबींवर शोषण मोजणारा) असेल तर स्पेक्ट्रमही बघा. ॲट्राझिनचं शोषण 222 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं आणि 263 च्या जवळ एक लहानसा उंचवटा असतो. न जुळलेला मेथॅक्रिलेट मोनोमर पॉलिमरमधून झिरपत असेल तर त्याचं शोषण 210 च्या आसपास आणि त्याखाली दिसतं, 263 चा उंचवटा नसतो. एका विद्यार्थ्याचा "ॲट्राझिन" असाच निघाला होता. त्याचं पॉलिमरायझेशनच अर्धवट झालं होतं, ऑक्सिजन नीट काढला नव्हता, आणि तो दोन महिने टेम्प्लेट धूत बसला होता.

सॉक्सलेटमधली खरी गोम

आमच्या बाबतीत एनआयपी स्वच्छ होती. म्हणजे ब्लीडिंग नक्की. पण ऑगस्टमध्ये ब्लँक स्वच्छ होता आणि ऑक्टोबरमध्ये नाही, हे कोडं होतं. वह्या समोरासमोर ठेवल्यावर एक बदल सापडला. ऑगस्टमध्ये इल्यूशन नुसत्या मिथेनॉलने होत होतं. रिकव्हरी, म्हणजे नमुन्यातल्या ॲट्राझिनपैकी परत हाती येणारा वाटा, कमी येते म्हणून सप्टेंबरमध्ये आम्ही मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिड 9:1 वापरायला लागलो होतो. पण पॉलिमर तर सॉक्सलेटमध्ये याच 9:1 मिश्रणाने चोवीस तास धुतलं होतं! मग आता नवीन काय निघणार?

हा प्रश्न मला तीन दिवस सतावत होता. उत्तर पदवीच्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात आहे. मिथेनॉल 64.7 अंशाला उकळतं, ॲसिटिक ॲसिड 118 अंशाला. फ्लास्कमधून वाफ होऊन वर चढतं ते जवळजवळ सगळं मिथेनॉल. ॲसिड खाली फ्लास्कमध्येच बसून राहतं. सुरुवातीला मिश्रण थिंबलवरून (पॉलिमर ठेवायच्या वाटीवरून) ओतलं असेल तर पहिल्या सायफनपुरतं, म्हणजे कप्पा भरून एकदा रिकामा होईपर्यंत, ॲसिड पॉलिमरला भेटतं, नंतरचे तेवीस तास त्याच्यावर मिथेनॉलच गळत असतं. ज्या ॲसिडने मेथॅक्रिलिक ॲसिड आणि ॲट्राझिनमधले हायड्रोजन बंध तोडायचे, ते थिंबलपर्यंत पोचतच नाही.

खात्री करायला खर्च नाही. सॉक्सलेट चार-पाच तास चालल्यावर थिंबलच्या कप्प्यातलं 5 मिलिलिटर द्रावण पिपेटने काढा, तेवढंच पाणी घाला, फिनॉल्फ्थॅलीन टाकून 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. मग फ्लास्कमधल्या द्रावणाचं तसंच. गरम मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असतं, तेव्हा हीटर बंद करून, थंड होऊ देऊन, फ्यूम हूडमध्येच हे करा. आमच्या कप्प्यातल्या द्रावणाला दोन-तीन थेंबांत गुलाबी रंग आला. फ्लास्कमधल्या द्रावणाने ब्युरेट रिकामी केली.

कितीतरी शोधनिबंधांच्या कृतीत "मिथेनॉल-ॲसिटिक ॲसिडने सॉक्सलेट" एवढीच ओळ असते आणि आपण ती डोळे मिटून उतरवतो. मीही तेच केलं होतं, आणि ही एक ओळ मी आधी तपासली असती तर त्या विहिरीच्या मालकांना दहा दिवस ताटकळावं लागलं नसतं.

आपल्याकडे सॉक्सलेटचं आणखी एक दुखणं आहे ते उन्हाळ्याचं. नवतपा सुरू असताना गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. ते पाणी कंडेन्सरमधून फिरवलं तर मिथेनॉलची वाफ नीट थंड होत नाही, वरून निघून जाते, तासाला सहा सायफन व्हायचे तिथे एखादाच होतो. वहीत मात्र "24 तास" लिहिलेलं असतं. एप्रिल ते जून आम्ही बादलीत बर्फ आणि छोटा पंप लावून तेच पाणी फिरवतो, आणि तास लिहिण्याऐवजी सायफनची संख्या लिहितो.

आता धुतो कसं

सॉक्सलेट आम्ही पूर्ण बंद केला नाही, त्याचं काम बदललं. आधी बीकरमध्ये किंवा शंकूपात्रात 4 ग्रॅम पॉलिमर आणि 100 मिलिलिटर 9:1 मिश्रण दोन तास हलवायचं, गाळायचं, नवं मिश्रण घालायचं. असं किमान पाच वेळा. इथे ॲसिड खरोखर पॉलिमरच्या अंगाला लागतं. प्रत्येक गाळलेलं द्रावण एचपीएलसीवर बघायचं. पहिल्या दोन-तीन वेळा आकडा झपाझप उतरतो, मग हट्टाने रेंगाळतो. ते रेंगाळणं हेच पॉलिमरच्या आतल्या भागातून हळूहळू सुटणारं टेम्प्लेट. ॲसिड झाल्यावर मिथेनॉलने सॉक्सलेट लावायचा. या कामाला तो उत्तम आहे, कारण ताजं शुद्ध मिथेनॉल सतत मिळतं आणि उरलेलं ॲसिड निघून जातं.

हे ॲसिड काढणं विसरू नका. ब्लँक स्वच्छ आला पण रिकव्हरी पडली, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पॉलिमर ॲसिडने भरलेलं असतं. ज्या जागांवर ॲट्राझिन बसायचं तिथे ॲसिटिक ॲसिड ठाण मांडून बसलेलं असतं. शेवटच्या मिथेनॉलच्या धुण्यातही वर सांगितलेलं टायट्रेशन करून बघा.

दळण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. पॉलिमरचा गोळा फोडून आधी धुतला आणि नंतर खलबत्त्यात दळला, तर दळताना नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि त्यातलं टेम्प्लेट मोकळं होतं. आधी दळा, 25 ते 50 मायक्रॉनमध्ये चाळा, ॲसिटोनमध्ये ढवळून वर तरंगणारा बारीक भुगा तीन-चार वेळा ओतून टाका, आणि मगच धुवा. हा भुगा कार्ट्रिजच्या फ्रिटमधून, म्हणजे तळाच्या गाळणीतून, खाली उतरतो आणि सोबत टेम्प्लेट नेतो. आमच्या एका जुन्या बॅचमध्ये ब्लँकचे आकडे एकाच दिवशी 40 पासून 300 नॅनोग्रॅमपर्यंत उड्या मारत होते, त्याचं कारण हा भुगाच होता.

आणि धुण्याचं द्रावण नेहमी इल्यूशनच्या द्रावणाइतकं तरी जोरदार हवं. पद्धतीत एक टक्का ट्रायफ्लुओरोॲसेटिक ॲसिड असलेलं मिथेनॉल वापरणार असाल तर धुणंही शेवटी त्याने झालं पाहिजे. डायक्लोरोमिथेनने मधला वॉश देणार असाल तर पॉलिमरने ते आधी पाहिलेलं असलं पाहिजे, कारण प्रत्येक द्रावकात पॉलिमर वेगळं फुगतं आणि आधी बंद असलेल्या जागा उघडतात. पद्धतीत इल्यूशन बदललं की जुना ब्लँक रद्द समजायचा. आमची ऑक्टोबरची चूक नेमकी हीच होती.

साठवणीने परत येणारा पीक

इतकं करूनही ठेवून दिलेल्या पॉलिमरमध्ये पीक थोडा परत येतो. आतल्या घट्ट भागात अडकलेलं टेम्प्लेट संथपणे पृष्ठभागाकडे सरकतं, आणि उष्णतेने हा वेग वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. रात्री एसी बंद, खिडक्या बंद, कपाटातली बाटली कित्येक तास चाळीसच्या घरात असते. थंड प्रदेशातल्या प्रयोगशाळेत सहा महिने टिकलेला ब्लँक इथे टिकेलच असं नाही.

म्हणून धुतल्यावर आम्ही एक कसोटी घेतो. थोडं पॉलिमर कोरडं करून आठवडाभर 45 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतो, मग कार्ट्रिज भरून ब्लँक घेतो. धुण्याने ज्या पॉलिमरचा ब्लँक 300 वरून 20 नॅनोग्रॅमच्या आसपास आला आणि या कसोटीतही तिथेच राहिला, तेवढंच पुढे वापरतो. बाकीचं परत बीकरमध्ये. साठवण फ्रिजमध्ये, बाटली घट्ट बंद. फ्रिजमधून काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पावसाळ्यात आत पाणी साचतं.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर एक जोड. पाण्याचा नमुना कार्ट्रिजमधून गेल्यावर ती नीट कोरडी केली नाही तर पुढचा डायक्लोरोमिथेनचा वॉश पाण्याच्या थरामुळे आत शिरत नाही आणि निवडक पकड जमतच नाही. जुलैत कूलरच्या दमट झोतासमोर व्हॅक्यूमने हवा ओढून कार्ट्रिज कोरडी होत नाही. नायट्रोजन लावा, अर्धा तास.

ब्लँक वजा करून चालेल का

हे सगळेच विचारतात. माझं मत: ब्लँक लहान आणि स्थिर असेल तरच, आणि तेव्हाही आकड्याची किंमत ओळखून. समजा दहा ब्लँकची सरासरी 40 नॅनोग्रॅम आणि प्रमाण विचलन 15 आलं. शोध मर्यादा विचलनाच्या तिप्पट धरली तर 45 नॅनोग्रॅम, म्हणजे 100 मिलिलिटर नमुन्यासाठी लिटरला 0.45 मायक्रोग्रॅम. भारतीय मर्यादेच्या, 2 मायक्रोग्रॅमच्या, कामाला हे पुरेल. युरोपात पिण्याच्या पाण्यासाठी कोणत्याही एका कीटकनाशकाची मर्यादा 0.1 आहे, तिथे हे पॉलिमर निरुपयोगी. ब्लँक 300 असेल आणि कार्ट्रिजगणिक बदलत असेल तर वजाबाकी करून आलेला आकडा कुणाच्याही विहिरीबद्दल बोलण्याच्या लायकीचा नाही.

कायमचा उपाय: टेम्प्लेटच बदला

शेवटी ज्याने आमचा प्रश्न मिटला तो उपाय हा. ॲट्राझिन शोधायचं असेल तर ॲट्राझिनचा ठसा घेऊ नका, त्याच्या जवळच्या भावंडाचा घ्या. याला डमी टेम्प्लेट म्हणतात. 1997 मध्ये लार्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी सॅमेरिडिन या औषधासाठी हेच केलं होतं. ॲट्राझिनसाठी प्रोपाझिन सोयीचं पडतं. दोघांचं ट्रायझिन वलय तेच, क्लोरिन तोच; ॲट्राझिनवर एक एथिल आणि एक आयसोप्रोपिल गट, प्रोपाझिनवर दोन्ही आयसोप्रोपिल. प्रोपाझिनसाठी झालेली पोकळी किंचित मोठी असते, ॲट्राझिन त्यात आरामात बसतं, आणि सिमाझिनही.

एचपीएलसीच्या नेहमीच्या सी18 कॉलमवर प्रोपाझिन ॲट्राझिननंतर बाहेर येतं. म्हणजे ब्लीडिंग झालंच तरी त्याचा पीक वेगळ्या जागी उभा राहतो आणि ॲट्राझिनच्या आकड्याला धक्का लावत नाही. दोन गोष्टी मात्र आधी तपासा. दोन्ही पीक पायथ्यापर्यंत सुटे होतात का, कारण प्रोपाझिनचा पीक मोठा असेल तर शेजाऱ्यावर चढतो. आणि विकत आणलेल्या प्रोपाझिनमध्ये ॲट्राझिनची भेसळ आहे का. ते संहत द्रावण थेट इंजेक्ट करून बघा. त्यात अर्धा टक्का ॲट्राझिन असलं तरी सगळी मेहनत वाया. धुणं, भुगा काढणं, उष्णतेची कसोटी हे सगळं डमी टेम्प्लेटलाही करायचंच आहे, नाहीतर प्रोपाझिन कॉलम भरून टाकेल.

प्रोपाझिनचं पॉलिमर तयार झाल्यावर आम्ही सावनेरकडचे सगळे नमुने पुन्हा चालवले. फ्रिजमध्ये अंधारात ठेवलेल्या बाटल्या होत्या, आणि त्या काकाजींच्या विहिरीचं ताजं पाणीही मी स्वतः जाऊन आणलं. दोन्हींत ॲट्राझिन शोध मर्यादेच्या खाली. परत जाऊन त्यांना सांगितलं, आणि आधीचा आकडा आमच्या चुकीमुळे आला होता हेही सांगितलं. त्यांनी पंप सुरू केला, पितळी गडू भरून माझ्यासमोर धरला, आणि मी ते पाणी प्यायले.

आमच्याकडे आता पॉलिमरच्या प्रत्येक बाटलीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: धुतल्याची तारीख, शेवटच्या ब्लँकचा आकडा नॅनोग्रॅममध्ये, आणि तो ब्लँक कोणत्या इल्यूशन द्रावणाने घेतला ते. नमुन्यांच्या प्रत्येक रांगेत पहिली आणि शेवटची कार्ट्रिज डिस्टिल्ड पाण्याची असते.